बग्गीच्या केबली

९ एप्रिल, पाडवा
आजपासून नियमित रोजनिशी. मोठं काम हातात घेतलं की नोंद हवी.

बग्गी घरी आली. कोलाडकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथली. कागदावर नाव इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट. आमच्या खांब गावात गोल्फ कोणी खेळत नाही, पण हायवेवरून घरापर्यंत पर्यटक आणायला झकास. पर्यटक पावसाळ्यानंतर. पहिला मान ठमाआत्याचा. गुडघे गेल्यापासून आत्या टेकडीवरच्या देवीला गेलेली नाही. चैत्री पुनवेच्या जत्रेला तिला बग्गीतून वर नेणार. गुढीजवळ सगळे जमले होते, तेव्हाच जाहीर केलं. आत्याने डोळे पुसले.

सरूचं म्हणणं, आधी चालते का ते बघा. बायको म्हणून चांगली आहे, दूरदृष्टी नाही.

१० एप्रिल
चालते. कुंपणापर्यंत चालली.

सीट उचलून पाहिलं. खाली सहा बॅटऱ्या आणि त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या केबली. टोकं हिरवी पडलीत, एकीचं कव्हर वितळलंय. केबली बदलायच्या, एवढंच. डोलवीला कंपनीत कंत्राटदाराच्या स्टोअरला आयुष्य गेलं. केबलची भेंडोळी माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नव्हती. जोडणारे दुसरे असत, पण सही माझी.

१३ एप्रिल, शनिवार
पेणला कान्हूशेठ बॅटरीवाल्याकडे. म्हणाला, जाड तांब्याची केबल लागेल, टोकांचे लग (बोल्टला अडकवायच्या कड्या) मशीनवर दाबून घेतलेले. तयार सेट मुंबईहून मागवावा लागेल. जत्रेपर्यंत येईल का, सांगता येत नाही. वर म्हणाला, "तोवर गाडी हलवू नका, दादा. माणसं बॅटरीवरच बसतात त्यात."

बॅटरी सीटखाली आहे हे मीच त्याला सांगितलं होतं. दुकानदार घाबरवायला लागला की समजावं, माल खपवायचाय. तरी ऑर्डर दिली, उगाच वाईटपणा नको. येताना गडबला कलिंगड घेतलं. आतून पांढरं निघालं.

१६ एप्रिल
रोह्याला रघू वेल्डरकडे. भंगारात जुनी वेल्डिंगची केबल पडली होती. रघू म्हणाला, मध्ये मध्ये जळलेली आहे. जळलेलं टेपखाली जाईल. कशाला पाहिजे, असं विचारलं त्याने. कुत्रं बांधायला, म्हटलं. उगाच चर्चा नको.

लग हातोडीने ठोकून बसवणार. मशीन म्हणजे काय, महागडी हातोडीच.

१८ एप्रिल
केबली तयार. स्वतःच्या हाताने केलेल्या. वरून लाल टेप, देवीचा रंग. जोडताना मोठी ठिणगी उडाली. म्हणजे करंट भरपूर आहे. पाना बॅटरीला चिकटून बसला होता, ओढल्यावर सुटला. त्याला खळगा पडलाय. पाना जुनाच होता.

१९ एप्रिल
ट्रायल. अंगणात फेऱ्या मारल्या, उत्तम. वास येतो. नवीन वस्तूला येतोच. सरूने विचारलं, यात नवीन काय आहे.

नंतर केबलला हात लावून पाहिला. बोट भाजलं. एप्रिलमध्ये सगळंच तापतं. संकल्प : गाडी चालवून झाल्यावर केबलला हात लावायचा नाही.

२१ एप्रिल, रविवार
टेकडीच्या अर्ध्या चढापर्यंत गेलो. दिवे मंद झाले. सीटखाली भाताला आधण आल्यासारखा आवाज. उतरलो तर थोड्या वेळाने थांबला. म्हणजे माझ्या वजनाचा प्रश्न. आत्या हलकी आहे. (पण चालवणार मीच. यावर नंतर विचार.)

कुत्रं हल्ली बग्गीच्या सावलीला बसत नाही.

कान्हूशेठचा फोन सरूने घेतला. सेट आलाय, उद्या घेऊन जा. मी कळवलं की काम झालंय, ऑर्डर रद्द. सरू म्हणाली, "मी नाय बसायची त्यात. आत्याला पन बसवू नका." मग आत्याकडे जाऊन तिचं मन वळवायला लागली. मी दाराआड होतो. आत्या म्हणाली, "महिपतीने शबूद दिलाय गो. तो मना पाडायचा नाय."

ऐकून फार बरं वाटलं. झोप मात्र लागली नाही. उकाडा.

२३ एप्रिल, पुनव, सकाळ
बग्गीला हार घातला. आत्या नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर. सरू ओटीचं ताट घेऊन मागून चालत येणार म्हणते. येऊ दे. निघतो.

तोच दिवस, संध्याकाळ
शांतपणे नोंद करतो.

वळणाच्या चढावर आत्या म्हणाली, "महिपती, मना खालून ऊन लागतंय रं." म्हटलं, देवीपर्यंत धीर धर. मग सीटच्या फटीतून धूर आला. मी तत्काळ उतरलो. चालकाने आधी बाहेर पडून परिस्थिती बघावी. चावी काढून घेतली, हे महत्त्वाचं. ब्रेक लावायचा राहिला.

बग्गी मागे घरंगळायला लागली, आत्या तिच्यात. ती माझ्याकडे बघत बघत खाली जात राहिली.

सरूने ताट टाकलं, बांधावरचा धोंडा चाकाखाली लोटला, आत्याला काखेत धरून बाहेर ओढलं. दोघी शेतात पडल्या. त्यानंतर बॅटरी फुटली. हार जळाला, सीट जळाली. ॲसिडने सरूच्या साडीला भोकं आणि दंडावर फोड. जत्रेला निघालेले लोक धावले, कोणी दंडावर कळशी ओतत राहिलं, कोणी आगीवर माती टाकली. मी सूचना देत होतो.

२५ एप्रिल
आत्याला खरचटलंय, बाकी ठीक. सरूच्या दंडाला पट्टी. माझ्याशी बोलत नाही, दुखत असेल.

आगीचं कारण शोधलं. टेप हलकी होती.

आत्याला समजावून सांगितलं की मी आधी उतरलो तो तुला धरायलाच. ती म्हणाली, "व्हय? मग धरलंस का नाय?"

उत्तर उद्या लिहीन.

२८ एप्रिल, रविवार
उत्तर सुचलं नाही.

आज सकाळी आत्या देवीला गेली. चालत. सरूच्या बऱ्या बाजूच्या खांद्यावर हात टाकून, थोडं चालायचं, दगडावर बसायचं, पुन्हा उठायचं. वळणावर बग्गीचा काळा सांगाडा अजून तसाच आहे. दोघींनी तिकडे मान वळवली नाही. मी मागून जात होतो. कोणी बोलावलं नव्हतं.

शेवटचा चढ आला तेव्हा पुढे झालो आणि आत्याला हात दिला. तिने हाताकडे पाहिलं. मग सरूला धरून वाकली, पायातल्या चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. पुढे अनवाणी जायचं म्हणाली.

चपला घेऊन मागून गेलो.