मे महिन्याखालचा डिसेंबर

ती. सिद्राममामा,

सप्रेम जय भीम. तुमच्या विहिरीत पडलेली मोटर वर आली असून ती चालते, याला वायरमन श्रीशैलने दुजोरा दिला आहे. (मी चालते, याला अजून कोणी दिलेला नाही.) प्लास्टर खाजत असेल तर त्यात मामीची विणायची सुई घालू नका, तिला कळतं. मोटर धरायला गेलात तेव्हा पाय मोडला तुमचा, पण विहिरीत गेला तो फोन. म्हणून ही चिठ्ठी श्रीशैलबरोबर दवाखान्यात पाठवते.

मालवणला स्कूबा शिकले तेव्हा समुद्र वरपासून खालपर्यंत एकाच स्वभावाचा होता. तुमची विहीर तशी नाही. बाहेर अंग भाजत होतं, म्हणून जाड सूट घातला नाही. वरचं पाणी न्हाणीघरातल्यासारखं कोमट. मी दोन पुरुष खोलीपर्यंत उतरले आणि ते एकदम बर्फ झालं. मधे वीतभरही अंतर नाही. डोकं मेमध्ये, पाय डिसेंबरमध्ये. त्या सीमेवर पाण्यात पाक ओतल्यासारखं सगळं हलतं, टॉर्चचा उजेडसुद्धा वाकतो.

ठरलं होतं, कमरेच्या दोराला तीन हिसके म्हणजे वर ओढा. दोर मामीने धरला होता (शेजारच्या कोंडीबातात्यांनी फक्त सल्ले). पण गार थरात शिरताच मला अशी हुडहुडी भरली, की दोर थरथरू लागला आणि मामीने ते हिसके समजून मला दोनदा उगाच बाहेर काढलं. तिसऱ्या खेपेला तिने जाहीर केलं, "पोरगी नुसती काकडतीया. आता वडायचं न्हाय."

नेमकं तेव्हाच, मोटरीला साखळी अडकवून वळले, तर पायात चढवलेला पोहायचा पंखा तिच्या वायरीत गुंतला. गाळ उठला, काही दिसेना. तीन हिसके दिले. पुन्हा तीन. वर कोणी दाद देईना. पाठीवरच्या टाकीतल्या हवेचा काटा लाल पट्ट्याकडे निघाला. मामा, मी इतकी घाबरले, की काकडायचंच विसरले. अंग दगड झालं, दोर निश्चल. आणि एकाएकी कमरेला असा झटका बसला, की पंखा खालीच राहिला आणि मी श्वास सोडत सोडत डिसेंबरातून मेमध्ये आले.

आता मामी थरथरत होती. म्हणाली, "दोर हालत हुता तवर तू हाईस म्हनून कळत हुतं की." मग मला पोटाशी धरूनच तिने तात्यांना साखळी ओढायला लावली.

तुमची भाची,
धम्मप्रिया

ता.क. यातलं काही आईला (म्हणजे तुमच्या अक्काला) कळू देऊ नका. मी चिंचोळी एमआयडीसीत जादा पाळीला आहे, असं तिला सांगितलंय. मोटर तात्यांनी गळ टाकून काढली म्हणा.

ता.क. २. मामीने आत्ताच आईला फोनवर सगळं सांगितलं. दोघी एसटीने निघताहेत, सात रस्ता चौकात उतरून थेट तुमच्याकडे येतील. पोरीला विहिरीत कोणी उतरवलं, हा पहिला प्रश्न असेल. श्रीशैलची मोटरसायकल त्यांच्या आधी पोचेल असा अंदाज आहे. वाचून झालं की झोपल्याचं सोंग घ्या.