उजवीकडची सीट

मंठा, १२ मार्च १९८७

मुंबई बंदरावरच्या कस्टमच्या साहेबांना सर्जेरावचा मनापासून नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. पत्र धाडू कुठं? लिहून गाडीच्या कागदांत ठेवणार आहे.

मस्कतहून जुनी टोयोटा आणणारा ड्रायव्हर मी. नोकरी सुटताना शेठनं दिलेली, स्टेअरिंग डावीकडं असलेली. शिक्का मारताना तुम्ही म्हणले होते, "इथं ट्रकच्या मागून तुम्हाला समोरचं दिसणार नाही. शेजारच्याला विचारल्याशिवाय ओव्हरटेक करू नका."

नऊ वर्षांनी कायमचा घरी आल्तो. मधी सुट्टीवर तीनदाच. घरची, पुष्पा, माझ्याशी बोलायची न्हाई. पोरीला सांगायची, "शिवकन्या, त्यांना म्हण, ताट वाढलंय." तिचं काय चुकत होतं?

पहिल्यांदा जालन्याला निघालो, तर पुढं कापसाचा ट्रक. उजवीकडं पुष्पाच बसलेली. विचारावंच लागलं, "कोणी येतंय का?"

तिनं खिडकीतून वाकून पाह्यलं. मंग म्हणाली, "थांबा. यष्टी येऊन राह्यली."

यष्टी गेली.

"आता घ्या. जल्दी!"

साहेब, जालन्यापर्यंत ती बोलतच होती. अजून बोलते.

काल गॅरेजवाला म्हणाला, "स्टेअरिंग उजवीकडं करून देतो. तुम्हाला बिलकुल कोणाची गरज पडणार न्हाई."

मी तोंड उघडायच्या आत पुष्पा म्हणाली, "कशाला? मी हाये की इथं."

तुमचे उपकार न विसरणारा,
सर्जेराव