न लावलेलं शेवटचं रीळ

अण्णा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आणि तुमचा खरा राग मला गेल्या वर्षी आला. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले आहे.

तुम्ही थिएटरच्या कॅबिनमध्ये बावीस वर्षं मशीन चालवलंत, त्यामुळे घरात सिनेमावर मत फक्त तुमचं असे. आता माझं ऐका. आपल्या लढाईच्या सिनेमात गोळी लागलेला माणूस पाच मिनिटं भाषण करतो, वर त्याला गाणंही मिळतं. परदेशी सिनेमात तो बोलता बोलता चिखलात पडतो आणि शेजारचा त्याचे बूट काढून घेतो. मला हेच खरं वाटतं. ते लोकही काही साधुसंत नव्हेत. ज्यांच्या शेतात लढाई चालते त्या गावकऱ्यांना त्यांच्या सिनेमात साधं नावही नसतं. पण निदान मेलेला माणूस तिथे मेलेला असतो.

दादा बारावीत होता तेव्हा तुमच्याकडे सकाळच्या शोला असाच एक सिनेमा लागला होता. एक कोवळा शिपाई, नदीवरचा पूल, त्यासाठीची लढाई. भाषा कुणाला कळत नव्हती, पण दादा आठवडाभर रोज तिसऱ्या रांगेत बसला. पूल जिंकतात, झेंडा वर चढतो, शिट्ट्या पडतात, दिवे लागतात. घरी येतो तो ताठ मानेनं, आणि आईला म्हणतो, "आता मी कॉलेजबिलेज काही करणार नाही." पुढच्या वर्षी देवळालीला लष्कराच्या भरतीत त्याचा नंबर लागला. तुम्ही थिएटरभर पेढे वाटलेत. चार वर्षांनी तो पेटीतून आला. गल्लीत घोषणा चालल्या होत्या आणि कुणीतरी तुम्हाला खांद्याला धरून फोटोसाठी पुढे केलं. त्यानंतर तुम्ही कॅबिनचा जिना कधी चढला नाहीत. आम्ही म्हणायचो, अण्णांनी पोराचं दुःख घेतलंय.

गेल्या वर्षी मेन रोडला मला त्या सिनेमाची सीडी मिळाली. झेंडा वर गेला आणि सिनेमा संपलाच नाही. अजून वीस मिनिटं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा नदीवर तोंड धूत असताना कुठून तरी एक गोळी येते. मग त्याच्या घरी साहेब येतात. त्याची आई फरशी घासत असते. ती ऐकते आणि घासतच राहते. संगीत नाही, काही नाही.

मी तुमच्या जुन्या डोअरकीपरला गाठलं. तो सहज म्हणाला, "अहो ताई, दहाचा शो, बाराला मॅटिनी. शेवटचं रीळ लावलं तर बाहेर पब्लिक खोळंबायचं. अण्णाच म्हणाले, पूल जिंकला ना, बास. पुढं नुसतं रडगाणं हाय."

म्हणजे तुम्ही ते पाहिलं होतंत. खाली तुमचा स्वतःचा मुलगा बसला होता, सात दिवस. ते पाहून तो थांबला असता का? माहीत नाही. हट्टी होता, कदाचित तरीही गेला असता. पण सगळं पाहून गेला असता. आणि जिना तुम्ही का सोडलात, ते मला आत्ता कळतंय. मला तुमची दया येत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण मग तुम्हाला गेल्या रविवारचंही सांगावं लागलं असतं. आई म्हणाली, "दादाचा तो लढाईचा पिच्चर तुझ्याकडं आहे ना? लाव की." मेथीची जुडी घेऊन बसली. दर शिपायाकडे बोट दाखवून विचारत होती, "हा आपल्यातलाच ना?" पूल जिंकला. झेंडा वर गेला. तिच्या हातातली काडी तशीच राहिली होती.

मी रिमोट दाबला.

"संपला?"

"हो, संपला."

"शेवट चांगला केला गं," आई म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. अण्णा, ते बटण दाबताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.