दांडीवरचा मातीचा गोळा

प्रिय बाई,

वर्गातली तीस पोरं तुला बाई म्हणतात, आणि परवा त्या तीस पोरांसमोर तू माझ्याशी बोललीसही बाईसारखीच. मग बापानं तरी वेगळं काय म्हणायचं? फोन करणार होतो, पण तुझी आई म्हणाली, "फोनवर तुम्ही दोघं भांडता. काय ते लिहा." म्हणून कारखान्यात कामाच्या टेबलावरचा भुसा झाडून लिहायला बसलोय. अक्षर वाकडं आलं तर लाल शेरा मार, तेवढा अधिकार तुला आहेच.

आधी तुमच्या त्या 'हातांच्या आठवड्या'बद्दल. वर्ष संपलं, पुस्तकं मिटली, आता दुसरीची पोरं पाच दिवस हातांनी शिकणार आणि शनिवारी आईबाप येऊन कौतुक करणार! मी सुतार माणूस. रंधा हातात मिळायला मला दोन वर्षं लागली, आणि गेली चाळीस वर्षं मी हातांनीच शिकतोय. माझं प्रदर्शन कुणी भरवलं नाही. तुमच्याकडे मात्र सोमवारी घड्याळ आणि होडी, मंगळवारी पूल, बुधवारी तराजू. काय ती घड्याळं! कागदी बशीवर बारापर्यंत आकडे मावले नाहीत, म्हणून अकरा आणि बारा एकमेकांच्या डोक्यावर बसलेले. होड्या पाण्यात सोडायच्या आधीच ओल्या. आणि डिंक तर किती! लाकडापेक्षा डिंक जास्त लागत असेल तर त्याला सुतारकाम म्हणत नाहीत, चिकटवाचिकटवी म्हणतात.

तुमच्या मोठ्या बाई हातात फोन घेऊन फिरत होत्या. पोरांनी बरबटलेले हात वर धरायचे आणि यांनी फोटो काढायचे. त्यांना एक खिळा ठोकायला सांगितला तर अंगठा सुजवून घेतील, पण उंटावरून शेळ्या हाकायला कुठे अंगठा लागतो? मला म्हणाल्या, "काका, हल्ली मुलं करून शिकतात." जणू आम्ही आजवर झोपून शिकत होतो.

एक पूल मात्र झकास होता. सांधे नेमके, काड्या एका रेषेत. करणारा पोरगा त्याच्याकडे पाठ करून बसला होता. मी विचारलं, "कसा रे जोडलास?" तर म्हणाला, "पप्पांनी केला. मला हातच लावू दिला नाही." त्या बापाची मला कीव आली. सात वर्षांच्या पोराच्या गृहपाठात स्वतःची हौस भागवणारा माणूस, आणि शनिवारी तोच पुढच्या रांगेत छाती फुगवून उभा राहणार.

आता तराजूंचं. तू तीस पट्ट्या मागितल्यास तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. तीसही एका मापाच्या कापल्या, कडा घासल्या, वर पाच जास्तीच्या दिल्या. पोरांनी फक्त गिरमिटानं मधोमध भोक पाडून दोरी ओवायची आणि दोन टोकांना कागदी पेले टांगायचे. मधोमध! दोरी पट्टीएवढी घ्या, दुमडा, मध्य सापडला. एवढंही सांगायची चोरी, कारण तू दारातच मला बजावलं होतंस, "बाबा, सांगायचं नाही. त्यांचं त्यांना सापडू दे." मग सापडलं त्यांना! कुणाचं भोक वर, कुणाचं खाली, आणि ती दोन दात पडलेली मुलगी, खिडकीशी बसणारी, तिचं तर चांगलं बोटभर बाजूला. त्यावर कुठे पेन्सिलीच्या रेघोट्या, आणि एका बाजूला सुपारीएवढा मातीचा गोळा बरबटलेला.

ती हात धुवायला गेली, तेवढ्यात मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. घाण म्हणून गोळा नखानं खरवडून टाकला, दांडी काढली, जास्तीच्या पट्टीला नेमकं मधोमध भोक पाडून तिचे पेले त्यावर बांधले. पाच मिनिटांचं काम. असा तराजू वर्गात दुसरा नव्हता. मला वाटलं, पोर खूश होईल. ती आली, बघितलं, आणि "हा माझा नाही" म्हणून तो उचलून तुझ्या टेबलावर ठेवून आली. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती नुसती जागेवर जाऊन बसली. आणि तू म्हणालीस, "बाबा, हात खिशात घाला, नाहीतर घरी जा." मी घरी आलो. पेन्सिल धरणारी माझीच मुलगी माझे चाळीस वर्षांचे हात खिशात घाल म्हणते, याचा राग मला अजून आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं तुझी आई म्हणतेय, तेही लिहून टाकतो.

पण लाकूड टाकायची मला सवय नाही. ती वाकडी दांडी माझ्या खिशातच आली होती. आईला दाखवून हसावं म्हणून दोरीला टांगली. ती अर्थातच एका बाजूला कलली. मी म्हटलं, बघ, हे यांचं करून शिकणं. तुझी आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती कलते हे त्या पोरीला दिसलं नसेल होय?"

तेव्हा मला तो गोळा आठवला. तो हलक्या बाजूला होता. मी मेण घेतलं, त्याच डागावर लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सातव्या खेपेला दांडी सरळ राहिली. मला सात खेपा लागल्या! मग चष्मा लावून त्या रेघोट्या पाहिल्या. लांब बाजूवर तीनचा आकडा, आखूड बाजूवर चारचा. एकीकडे तीन खिळे टांगले, दुसरीकडे चार. दांडी हलेना. दुकानात हा तराजू चालणार नाही, हे मी म्हणणारच. पण आपला तराजू कुठे आणि किती चुकतो हे त्या पोरीला कळलं होतं, आणि तिनं ते त्याच्यावरच लिहून ठेवलं होतं. मी ते पुसायला निघालो होतो.

त्यानंतर मी एक काम केलं, ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहितोय. तू नऊ वर्षांची असताना एक स्टूल केलं होतंस. एक पाय आखूड होता. मी तो उपटून माझा बसवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, माझ्या मुलीनं केलंय. तू त्या स्टुलावर कधी बसली नाहीस आणि कारखान्यातही पुन्हा आली नाहीस. मी समजलो, पोरीला नाद नाही. तुझा तो पाय तेव्हापासून मी लाकूड चिकटवायचा सरस ढवळायला वापरतोय. काल त्यावरची सव्वीस वर्षांची पुटं पटाशीनं काढली. तळाला चपलेच्या रबराचा तुकडा आहे, दोन बारीक खिळ्यांनी ठोकलेला. तुझं स्टूल डगमगत नव्हतं. तेव्हा ते रबर मी पाहिलं नव्हतं, असं लिहिणार होतो. पाहिलं होतं, आणि पाहून हसलो होतो. माझं चुकलं, पोरी.

पत्र ज्या दांडीला गुंडाळलंय ती त्या मुलीची आहे. शनिवारच्या आत तिला दे, माती तिची ती लावेल. मी येऊ का ते कळव. मागे उभा राहीन, हात खिशात घालून. आणि माझी ती नेमकी दांडी फेकू नकोस. वर्गातले रंग ढवळायला होईल.

तुझाच,
बाबा