दावा भाऊवर, नोटीस मुलाला

दि. ३ मार्च

चि. भाऊस,
अ. आ.

तू हौसेने दुरुस्तीला नेलेलं माझं शिलाई मशीन सुटं होऊन पिशवीतून परत आलं. वर तुझा लेक म्हणतो, बाबांना आता कळत नाही, आत्या, तू मनावर घेऊ नकोस. मग काय करू, गिऱ्हाइकांचे कपडे हाताने शिवू? भरपाईचं नाव काढलं की कानांवर हात ठेवतो. म्हणून छोट्या दाव्यांच्या कोर्टात तुझ्यावर दावा लावला आहे.

तिथेही डोक्याला ताप! कारकुनाने कागद परत केला. म्हणे, आजारपणानंतर कोर्टाने मुलाला तुमच्या भावाचा पालक नेमलंय, त्याचं नाव घाला, नोटीसही त्यालाच जाईल. अरे, ज्याचे लंगोट मी बदलले तो तुझा पालक! घातलं बाई एकदाचं.

भांडण असलं तरी गोळ्या वेळेवर घे.

तुझी वैतागलेली,
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोटीस मुलाने वाचली, सुनेने वाचली, मला दाखवलीसुद्धा नाही. मशीन मी बिघडवलं. जन्मभर गॅरेजात इंजिनं खोलली, तुझं मशीन काय चीज, असं वाटलं. त्यात त्याचं नाव कशाला? त्याला साधा स्क्रू पिळता येत नाही! दावा मागे घेतलास तर बघ. तारखेला मी येणार.

तुझा,
भाऊ

दि. २ एप्रिल

चि. भाऊस,
अ. आ.

काय रे हा तमाशा! न्यायाधीश मुलाशी बोलत असताना मध्येच उठून, मशीन मीच मोडलं, असं ओरडायची काही गरज? त्या बिचाऱ्यांनी तुला शांतपणे बसवलं आणि सांगितलं की पालकाचंच म्हणणं लिहून घेता येतं. मुलाने मुकाट्याने तडजोडीवर सही केली. मी जिंकले, पण तुझा उतरलेला चेहरा बघून घास गिळवेना. चूक माझीच, कोर्टात जायलाच नको होतं. झालं गेलं विसरून जा.

तुझी,
ताई

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू तरी हे बोलू नकोस. इथे मी काच फोडली, नळ उघडा ठेवला, गॅस चालू ठेवला, तरी कोणी शब्दाने बोलत नाही. हसतात, पुसून घेतात, मला खुर्चीत नेऊन बसवतात. फार जीव जळतो गं. तू एकटीच माझ्यावर चिडलीस, चारचौघांत खेचलंस. त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने दाढी केली होती.

राग असाच असू द्यावा, ही विनंती.

तुझा,
भाऊ