सुईशिवायचे रविवार

प्रिय छोट्या,

बाबांचं टर्नटेबल आजच्या काळात घरात ठेवण्याजोगं आहे, की नुसती अडगळ, असं तू विचारलंस. यंत्र म्हणशील तर उत्तम. फिरताना चौकटीवर काठोकाठ भरलेला पेला ठेव, थेंब सांडणार नाही. मोटरचा आवाज नाही. लाकडाला ओरखडा नाही, कारण आपल्या दोघांना त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. तुझ्या वयाची माणसं हल्ली असली जुनी यंत्रं शोधत फिरतात म्हणे. तेव्हा ठेवण्याजोगं आहे. फक्त त्याला सुई नाही.

दीड-दोन वर्षांपूर्वी धूळ पुसताना ती माझ्या फडक्यात अडकून मोडली. रविवार होता, दुपारी बाबांची मंडळी यायची होती. दातांचे डॉक्टर आणि वकीलकाका अजूनही त्यांना कानसेन म्हणतात. रेडिओवर ध्वनिमुद्रणात जन्म गेला, त्याचा तो मान. मी ॲम्प्लिफायरच्या मागे माझा मोबाइल जोडला, रेकॉर्ड फिरत ठेवली आणि सुईची दांडी केसभर वर अधांतरी सोडली. बाबांचे हात थरथरतात, त्यामुळे लावणं-काढणं माझ्याकडेच असतं. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, असला भरदार आवाज त्या मोबाइलच्या डबीतून सात जन्मांत येणार नाही. दोघांनी माना डोलावल्या. मी पाठमोरी कप गोळा करत होते, म्हणून हसू गिळता आलं.

नवी सुई मिळाली असती रे. पण मला गंमत वाटायला लागली. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, अर्ध्या गाण्यावर हात वर करून ज्यांनी तुला कायमचं गप्प केलं, त्यांच्या कानांना आता काय कळतं हे दर रविवारी फुकट बघायला मिळत होतं.

मग तुझं गाणं. बायकोच्या आग्रहाने घरीच रेकॉर्ड केलंस, मला पाठवलंस आणि बाबांना ऐकवू नकोस म्हणून वर बजावलंस. मी ऐकवलं, कुणातरी नाव न झालेल्या जुन्या गायकाची रेकॉर्ड फिरवत ठेवून. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. संपल्यावर वकीलकाकांना म्हणाले, याचं नाव व्हायला हवं होतं, कुणीतरी वेळेवर याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता.

इथे मी थांबायला हवं होतं, असं तू म्हणशील. पण ते वाक्य मला तुझ्या पदरात टाकायचं होतं. मी मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला, दांडीखालची मोकळी जागा दाखवली आणि गाणारा कोण ते सांगितलं. डॉक्टर हसायला लागले, वाईट मनाने नव्हे. "कानसेन, सुई कुठाय?" असं म्हणाले आणि वकीलकाकांच्या तर हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"तरीच," ते म्हणाले.

आणि मग दुसऱ्या कडव्यात सूर कसा उतरला होता, आपल्याला तो लगेच कसा खटकला होता, हे त्या दोघांना शांतपणे समजावत बसले.

तेव्हापासून मंडळी फिरकलेली नाहीत. आणि तू लिहितोस, यंत्र पाठवतायत म्हणजे बाबा शेवटी विरघळले. तुझ्या बायकोने बाहेरच्या खोलीतलं कपाट रिकामं केलंय. खोकं पोचलं की तू फोन करून त्यांचे आभार मानणार आहेस. म्हणून हे पत्र, खोक्याच्या आधी पोचावं असं. छोट्या, ते यंत्र तुला दिलेलं नाही, घरातून काढलंय. "ज्याच्यासाठी माझं हसं केलंस, त्याच्याच दारात नेऊन टाक," हे त्यांचे शब्द. तू ते ठेव, सुई बसव, खुशाल ऐक. पण फोन करू नकोस. ते रोज फोनजवळ खुर्ची ओढून बसतात. तुझ्या आभारांना काय उत्तर द्यायचं ते त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलंय, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा ते ठरवत.

तुझीच,
ताई