डावीकडे मान वळवून बसलेली फटफटी

मु. मालेगाव, शिरपूर रस्त्यावरचा मळा
पितृपक्ष, पंचमी

श्री. रा. रा. हिरालाल भाऊजी यांच्या चरणी त्यांचा एकुलता एक साळा शालिकराम याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात आठ अंगं धरतात. पैकी उजव्या हाताचा अंगठा तुमच्या फटफटीच्या मानेत सापडून टमाट्याएवढा सुजला आहे, तेव्हा नमस्कार साडेसात अंगांचाच समजावा. राहिलेलं अर्धं अंग सूज उतरल्यावर.) कारंज्याला तुमची प्रकृती कशी आहे? पोळ्याला आला होता तेव्हा खोकला होता, तो गेला की जिनातल्या कापसाच्या धुळीनं पुन्हा उठला? जेवणाचे हाल होत असतील. खानावळीतलं वरण मी खाल्लेलं आहे. त्यातली डाळ काढायला बुडी मारावी लागते. इकडे आई, बाबा, बहीण तुळसाबाई, दोन्ही बैल आणि तुमची फटफटी, सगळी मंडळी खुशाल. त्यातही फटफटी जास्त खुशाल, कारण वीस दिवस तिला निंबाच्या सावलीत उभं राहण्याखेरीज दुसरं काम नाही. बाजूच्या डब्यात कालच मांजरीनं चार पिल्लं घातली आहेत. त्यातलं एक तुमच्यासारखं दिसतं, असं आई म्हणते. मिशांमुळे असेल.

आता मुद्द्याचं. जाताना तुम्ही मोटार-स्टँडवर पंचवीस माणसांसमोर बोललात की ज्या दिवशी हँडल सरळ होईल त्या दिवशी कळवा, तोपर्यंत मशीन आणि तुमची पोरगी, दोघीही इथंच राहू द्या. पंचवीस माणसं म्हणजे मालेगावात पंचवीसशेच. तेव्हापासून मी भाजी घेऊन बाजारात बसलो की गिऱ्हाईक आधी विचारतं हँडल सरळ झालं का, मग विचारतं बहीण गेली का, आणि मग वांग्यांना नाक मुरडून पुढं जातं. मला त्याचं काही नाही. पण आई रोज संध्याकाळी मोटारीची वेळ झाली की काहीतरी निमित्त काढून रस्त्याकडं जाते आणि मोटार गेली की परत येते. कुठं गेली होतीस म्हटलं तर सांगते, शेण आणाले. आमच्या घरी दोन बैल आहेत, भाऊजी. शेण आणायला रस्त्यावर जायची पाळी अजून आलेली नाही.

पोळ्याला काय झालं ते तुम्ही पाहिलं, पण निम्मंच पाहिलं, कारण दुपारच्या पोळ्यांनंतर तुम्ही झोपला होता. (आठ पोळ्या. मी मोजत नव्हतो, वाढत होतो.) संध्याकाळी बैल तोरणाखालून घरी आले. आईनं त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, पोळी चारली. तेवढ्यात बाबांची नजर अंगणातल्या फटफटीवर गेली. म्हणाले, "हे बी तं वढतेच नं? मंग हिले काहून उपाशी ठेवता?" बाबांचं म्हणणं आईला पटलं. चाळीस वर्षांच्या संसारातली ही दुसरी वेळ. (पहिली वेळ कोणती, यावर अजून एकमत नाही.) आईनं फटफटीला हळद-कुंकू वाहिलं, समोरच्या दिव्याला पोळीचा घास दाखवला, आणि दिव्याच्या डोक्यावर जे तुमचं चाबीचं भोक आहे त्याला ती भाबडेपणानं तोंड समजली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळचं तर तुम्हीच पाहिलं. ट्रंक, वळकटी, वांग्याचं पोतं आणि लोणच्याची बरणी डब्यात बांधून झाली होती आणि तुळसाबाई नेहमीसारखी हातात लिंबू धरून सर्व्हिस मोटारीची वाट पाहत होती. (तिला मोटार लागते, हे तुम्हाला लग्नाच्या वऱ्हाडापासून माहीत आहे. मंगरूळ येईपर्यंत तिची मान तीनदा खिडकीबाहेर असते, आणि त्याच वेळी तिची ट्रंक तुमच्या शेजारी डब्यात बसून हवा खात जाते. तुमचं म्हणणं, बाईमाणूस डब्यात बसलं की जिनातले लोक हसतात. ट्रंकेला कोणी हसत नाही.) तुम्ही चाबी घातली तर वरच्या भोकात पुरण. मग मान वाकडी करून, जवळजवळ जमिनीवर लोळून, तुम्ही हँडलच्या मानेखालचं दुसरं भोक गाठलं. त्यातही पुरण, आणि चाबी तिथंच अर्धी रुतून बसली. त्या जागी भोक आहे हे मला त्याच दिवशी कळलं. शिरपूरला मंदिरासमोर लोकांच्या चपला उघड्या पडलेल्या असतात, तिथंही तुम्ही हँडल डावीकडं वळवून कुलूप का लावता हे मला कधी समजलं नव्हतं. आमच्या अंगणात कोण चोरणार होतं? बैल?

यावर तुम्ही म्हणालात, "तुमच्या मायले बैल अन् मशीन यातला फरक समजत नाई." ते मला लागलं, भाऊजी. हे पत्र हसत लिहितो आहे, पण ते लागलं. आईनं त्या दिवसापासून गोड सोडलं आहे. परवा आजोबांच्या श्राद्धाला पुरण केलं, तेही तिनं सुंदरबाई मामीकडून करून घेतलं, स्वतः हात लावला नाही. माझ्या हातानं पोरीचा संसार अडला, असं ती चुलीशी पुटपुटते.

म्हणून आम्ही उपाय आरंभले. पहिला उपाय बाबांचा. त्यांनी दोन्ही भोकांत जवसाचं तेल ओतलं. जवसाचं तेल आम्ही दाराच्या चौकटीला लावतो, कशासाठी, तर ते वाळून कडक व्हावं म्हणून. चार दिवसांत पुरणावर असं रोगण चढलं की ते पुढच्या पिढीलाही दाखवता यावं. दुसरा उपाय शेजारच्या मळ्यातल्या पुंजाजींचा. ते म्हणाले, आत गोड आहे तर मुंग्या कशासाठी आहेत? तेव्हा आम्ही वारुळापासून फटफटीपर्यंत साखरेची वाट घातली. मुंग्या आल्या, साखर खाल्ली, रोगण चाखून नाकारलं आणि दिव्याच्या काचेआड बिऱ्हाड केलं. त्यांची अंडी बाहेरून स्पष्ट दिसतात. तिसरा उपाय माझा. हँडलला दोर बांधून बैल जुंपला, की ओढून सरळ होईल. बैलानं फटफटी डब्यासकट गव्हाणीपर्यंत नेली, पण हँडल होतं तसंच डावीकडं. अंगठा त्यातच गेला.

चौथा उपाय दौलतसिंगांचा. हे तांड्यावरचे, लढाईत लष्कराची लारी हाकून आलेले. त्यांनी फटफटी पाहताच जुनी ओळख निघाल्यासारखं तिच्या टाकीवर थोपटलं आणि म्हणाले, "चाबीचं काय काम? दोन तारा जोडल्या का झालं. चालती केली का मान आपोआप मोकळी होते." डब्यात वजन हवं म्हणून बाबांना बसवलं. (डबा भरायला आमच्याकडं आधीपासून एक माणूस होतं, पण ते असो.) तारा जोडल्या, लाथ मारली, फटफटी सुरू झाली आणि निघाली. मान डावीकडं, तेव्हा ती डावीकडंच निघाली, आणि डावीकडंच जात राहिली. मेथीच्या वाफ्याभोवती दुसरी फेरी झाल्यावर दौलतसिंगांच्या लक्षात आलं की चाबीवाचून सुरू करता येतं, पण बंद करायचं त्यांना कोणी शिकवलेलं नाही. ते पक्कड आणतो म्हणून चालत्या गाडीवरून उतरले. पक्कड तांड्यावर होती.

बाबा डब्यात एकटे राहिले. उडी मारा म्हटलं तर फटफटीच्या आवाजात त्यांना वाटलं आम्ही कौतुक करतो आहोत. तेवढ्यात पुंजाजी वांग्याची रोपं मागायला आले. पहिल्या फेरीला बाबा म्हणाले राम राम, दुसऱ्या फेरीला विचारलं रोपं किती पाहिजेत, तिसऱ्या फेरीला सांगितलं काटेरी वांग्याची संपली, चौथ्या फेरीला म्हणाले मला उतरवा. आई हात जोडून उभी होती. तिनं मोजलेल्या एकवीस प्रदक्षिणा झाल्या आणि पेट्रोल संपलं. मेथीच्या वाफ्याला चहूबाजूनं नाली पडली आहे, पाणी द्यायला ती उलट सोयीची झाली. आता बाबांचा विचार आहे की सुगीत ज्वारीच्या खळ्यावर बैलांऐवजी तुमची फटफटीच फिरवावी, आणि हँडल तोपर्यंत सरळ करू नये. त्यांची समजूत घालणं तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही.

तरी कृपा करून तुमच्याकडची दुसरी चाबी टपालानं पाठवून द्यावी. तुम्ही स्वतः येण्याची तसदी घेऊ नये, जिनाचा हंगाम जवळ आला आहे. चाबी आली की बघू. आईबाबांचे आशीर्वाद, माझे वर लिहिल्याप्रमाणे साडेसात.

तुमचा,
शालिकराम

ता. क. (त्याच दुपारी) चाबी पाठवू नका. वरचं पत्र तुळसाबाईनं वाचलं. मेथीच्या वाफ्यापर्यंत हसत होती, मग मागं जाऊन आईबद्दलचा मजकूर पुन्हा वाचला. उठली, घासलेटची बाटली घेतली, मोराचं पीस घेतलं, अंबाड्यातला आकडा काढला आणि अंगणात जाऊन बसली. पिसानं भोकात घासलेट सोडायचं, थांबायचं, आकड्यानं कोरायचं, पुन्हा घासलेट. जवसाचं रोगण सालासारखं निघालं, मग पुरण निघालं, मग रुतलेली चाबी निघाली. मास्तरांकडून शिसपेन्सिल मागवून तिचं शिस कुटलं आणि ती भुकटी चाबीला माखून दोन्ही भोकांत फिरवली. तेल लावलं तर धूळ धरते, म्हणाली. मग चाबी घातली, हँडल उलट आणखी थोडं डावीकडं दाबलं, आणि चाबी लोण्यात फिरावी तशी फिरली. हँडल सरळ झालं. सारा एक तासाचा खेळ. मी तोंड वासून पाहत होतो तर म्हणाली, "ते हँडल वढून धरते अन् चाबीवर जोर करते. जरासं ढिलं सोडलं तं सारं फिरते." हे तुमच्याबद्दल होतं. मी फक्त पोचवतो आहे.

ता. क. दुसरा (सकाळी) मी रात्रभर विचार करत होतो की जे मानेखालचं भोक त्या दिवसापर्यंत मलाही माहीत नव्हतं, ते आईला कुठून सापडलं? आई तर दिव्यापर्यंत हात पोचवायला पाटावर उभी राहिली होती. कारंज्याला रोज सकाळी तुमची फटफटी पुसतं कोण, हे आठवलं आणि उलगडा झाला. मी तुळसाबाईला विचारलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. आईनं फक्त घास दाखवला होता, तो नंतर बैलालाच चारला. पुरण तिनं भरलं, दोन्हीकडं, तुम्ही घोरत असताना. म्हणाली, ट्रंक डब्यात अन् मी खिडकीत, हे एकदा तरी थांबलं पाहिजे होतं. मग वीस दिवस का दुरुस्त केली नाहीस? तर म्हणाली, "सरळ झाल्यावर आले असते तं फटफटी न्यायले आले असते. मले न्यायले कोण येते, ते पाहून राह्यली होती." आईनं हे ऐकलं. तुळसाबाईच्या पाठीत एक धपाटा घातला, तिला पोटाशी धरून रडली, आणि हरभऱ्याची डाळ भिजत घातली. आईचा काही दोष नव्हता, एवढं तुम्ही इथं येऊन तिला आपल्या तोंडानं सांगावं. ही माझी खरी मागणी, बाकी पत्र अंगठ्याच्या कळा विसरायला लिहिलं.

ता. क. तिसरा. पेट्रोल आणा, टाकीत थेंब नाही. फटफटीला पुन्हा कुलूप घातलं आहे आणि चाबी तुळसाबाईच्या कमरेला आहे, तेव्हा परस्पर घेऊन जायचा विचार करू नये. पिल्लं टोपलीत हलवली आहेत. हे पत्र टपालानं आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या ट्रंकेच्या कडीला ते बांधलेलं मिळालं ती ट्रंक, वळकटी आणि बरणी स्टँडवरून घरी न्यावी. बरणी उभी ठेवा. खालच्या ओळी तुळसाबाईच्या हातच्या आहेत. दुसरीपर्यंत शिकली आहे, शुद्धलेखन पाहू नका.

ट्रंक मोटारीनं पाठवली. तिले उलट्या होत नाईत. डबा पुसून ठेवला हाये. तुमी या.